कपाटातले दोन रिपोर्ट

मागच्या वर्षी शाबानच्या महिन्यात भाईजानच्या पायाला चपलेचा खिळा लागला. जखम एवढीशी, पण तीन आठवडे झाले तरी भरेना. शेवटी दवाखान्यात नेलं. उपाशीपोटीची साखर २१४ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "आधीचे काही रिपोर्ट आहेत का?" भाईजान म्हणाला, "नाहीत." भाभीला आठवलं, की कधीतरी मुतखड्यासाठी सोनोग्राफी झाली होती. ती मला म्हणाली, "बाजी, जरा घरी जाऊन कपाटात बघा. घरपट्टीच्या फाईलमध्ये असेल."

फाईलमध्ये पावत्यांच्या मागे तो रिपोर्ट सापडला. चार वर्षांपूर्वीचा. खडा चार मिलिमीटरचा होता, तो केव्हाच पडून गेला होता. पण त्याच कागदावर आणखी एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड २. याबद्दल भाईजान घरात कुणाशीही एक शब्द बोलला नव्हता. आणखी काही कागद आहेत का म्हणून मी खालचा कप्पा उघडला, तर साड्यांच्या घड्यांखाली दुसरा लिफाफा. त्यावर माझ्या भाचीचं नाव. आत दीड वर्षापूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट: पीसीओएस, म्हणजे अंडाशयात बऱ्याच लहान गाठीसारख्या पिशव्या दिसणं, पाळी अनियमित. हा भाभीने लपवला होता, भाईजानपासूनही.

एकाच कपाटात नवराबायकोने एकमेकांपासून लपवलेले हे दोन कागद. तेव्हा मला वाटलं, बापाचं दुखणं वेगळं, पोरीचं वेगळं. पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे कळत गेलं, ते सांगण्यासाठी हा लेख. कारण आपल्या घरांत असे लिफाफे बरेच असणार, याची मला खात्री आहे.

भाईजानने रिपोर्ट का लपवला, हे त्याने मला नंतर सांगितलं. सोनोग्राफी करणाऱ्याने पडद्याकडे बघतच मोठ्याने विचारलं होतं, "किती घेता?" पडद्यापलीकडे बाकावर लोक बसलेले, त्यात आमच्या मोहल्ल्यातला एक ओळखीचा. भाईजान पाच वक्तचा नमाजी. दारूचा थेंब कधी ओठाला लावला नाही. "मी नाही घेत," तो म्हणाला. समोरचा हसला आणि म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

आमच्या मोहल्ल्यात 'लिव्हर' या शब्दाचा एकच अर्थ आहे. लिव्हर खराब म्हणजे पिणारा. आमच्या गल्लीतला एक जण त्याने गेला. पिवळे डोळे, फुगलेलं पोट, आणि मय्यतीला आलेल्या लोकांची कुजबुज, हे सगळं आम्ही लहानपणी बघितलंय. भाईजानला भीती वाटली ती आजाराची नाही, त्या कुजबुजीची. त्याने कागद फाईलमध्ये ठेवला आणि चार वर्षं तो विसरल्यासारखा राहिला. यकृत काही विसरलं नाही.

आता गंमत बघा. न पिणाऱ्याच्या यकृतात पिणाऱ्यासारखे बदल दिसतात, हे पाहून डॉक्टरांनाही एकेकाळी प्रश्न पडला होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या युर्गेन लुडविग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली अशा २० रुग्णांची हकीकत छापली. त्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली दारूने बिघडलेल्या यकृतासारखे दिसत होते. पण हे लोक पिणारे नव्हते. बरेच जण अंगाने जाड होते, काहींना मधुमेह होता. या आजाराला तोवर नावच नव्हतं. मग जे नाव पडलं त्यात 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द आला.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुलांना नञ् समास शिकवताना सांगते, की अ, अन्, ना, बे, गैर हे सगळे नकार दाखवतात. 'नॉन-अल्कोहोलिक' हा तसाच नञ् समास. आजार कशामुळे होत नाही तेवढंच ते नाव सांगतं, कशामुळे होतो ते सांगत नाही. शिवाय नकार दिला तरी दारू नावातून जातच नाही. भाईजानसारख्या माणसाच्या कानाला पहिल्यांदा दारूच ऐकू येते. जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ साली हे नाव बदललं, तेव्हा त्यामागे हेही एक कारण होतं: जुन्या नावातले 'अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' हे शब्द रुग्णाला खाली मान घालायला लावतात. नवं नाव लांबलचक आहे: मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टीॲटॉटिक लिव्हर डिसीज. थोडक्यात मॅसल्ड. मराठीत सांगायचं तर चयापचयाच्या बिघाडातून यकृतात साचलेली चरबी. नाव अवघड असलं तरी बोट बरोबर जागेवर ठेवतं.

यकृतात थोडी चरबी असतेच. साधारण पाच टक्क्यांहून जास्त पेशींत ती साचली, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ती का साचते, हे डॉक्टरांनी मला कागदावर रेघा मारून समजावलं. जेवल्यावर रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन दोन ठिकाणी निरोप नेतं. यकृताला सांगतं, "बाहेरून साखर आली आहे, तू बनवायची थांब." अंगातल्या चरबीला सांगतं, "तू जागची हलू नकोस." पोटाचा घेर वाढला, बैठं काम असलं, झोप मोडली, गोड आणि मैदा जास्त झाला, की शरीर या निरोपाला दाद देईनासं होतं. मग चरबी जागची सुटून यकृताकडे वाहते. यकृत रात्रभर साखर बनवत राहतं, म्हणून सकाळी उपाशीपोटीही साखर वाढलेली दिसते. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे यकृत साखरेचीसुद्धा चरबी करायला लागतं. म्हणजे मधुमेह आणि फॅटी लिव्हर हे एकमेकांना ओढत नेतात. भाईजानच्या रिपोर्टावरची ती ओळ चार वर्षांपूर्वीच सांगत होती, की साखर येणार आहे. आम्ही ती पायाच्या जखमेतून वाचली.

आणि भाचीचा कागद?

तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबायची. हनुवटीवर जाड केस, गालावर फोड. मानेवर काळपट पट्टा उमटला होता. भाभी तो घासून काढायला सांगायची. तो मळ नव्हता. इन्सुलिन जास्त झाल्याची ती एक खूण असते. पीसीओएस हा आजार शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली वर्णन केला, तेव्हा लक्ष सगळं अंडाशयावर होतं. आज कळतं, की अनेक मुलींमध्ये त्याची मुळं त्याच इन्सुलिनच्या गोंधळात आहेत. रक्तात फिरणारं जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. पुरुषी संप्रेरकाला धरून ठेवणारं एक प्रथिन रक्तात असतं, ते बनतं यकृतात. इन्सुलिन वाढलं आणि यकृतात चरबी साचली, की ते प्रथिन कमी पडतं आणि संप्रेरक मोकळं सुटतं. हनुवटीवरच्या केसांचा धागा असा यकृतापर्यंत जातो. उलट बाजूनेही तसंच: पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये फॅटी लिव्हरचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त आढळतं.

म्हणजे बापाने लपवला तो आणि आईने लपवला तो, एकाच दुखण्याचे दोन कागद होते. एकाच घरातलं रक्त, एकच दस्तरख्वान.

डॉक्टरांनी मलाही विचारलं, "तुम्ही तपासलंय का?" मला आठ वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे. थायरॉइड मंदावलं की यकृतातली चरबी जळण्याचा वेगही मंदावतो. हा संबंध इतका जवळचा आहे, की २०२४ साली अमेरिकेत या आजारावरचं जे पहिलं औषध मंजूर झालं, रेस्मेटिरॉम, ते यकृतातल्या थायरॉइडच्याच कुलुपाला किल्ली लावतं. ते प्रत्येकासाठी नाही, यकृतात चट्टे पडायला लागलेल्या रुग्णांसाठी आहे. त्यात मी चव्वेचाळीसची. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन उतरतं, आणि मांड्यांवर राहणारी चरबी पोटाकडे येते. आम्ही बायका म्हणतो, "या वयात पोट सुटतंच." सुटतं खरं, पण ते कुठे जाऊन बसतं तेही बघायला हवं. माझी सोनोग्राफी झाली. ग्रेड १.

भाईजानचा पहिला आक्षेप होता, "पण मी कुठे जाड आहे?" खरंच, त्याचे हातपाय काटकुळे. फक्त शर्टाची खालची बटणं ताणलेली. आपल्यापैकी बहुतेक जण असेच, आणि याची गोष्ट आपल्या पुण्याची आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. इथली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्या अंगात स्नायूच्या मानाने चरबी जास्त असते, असं त्यांना दिसलं. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आत वेगळे. म्हणून आशियाई माणसांसाठी हा निर्देशांक २५ ऐवजी २३ लाच जास्त धरतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या पुढे गेली की सावध व्हायचं. शिलाईची टेप घरोघर असते. भाईजानची कंबर १०१ भरली, माझी ९१.

बाकीच्या खुणाही लिहून ठेवण्यासारख्या आहेत. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. रक्तदाब १३० वर ८५ किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० पर्यंत, बाईत ५० पर्यंतच. यातलं किंवा कंबर-वजनातलं एक जरी असलं आणि सोनोग्राफीत चरबी दिसली, तर तो मॅसल्ड. यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासण्या, एसजीओटी आणि एसजीपीटी, पुष्कळदा नॉर्मल येतात. त्यावर विसंबू नये. त्या दोन आकड्यांना वय आणि प्लेटलेट्सची जोड देऊन एक गणित करतात, त्याला फिब-४ म्हणतात. उत्तर १.३ च्या खाली आलं तर यकृतात मोठे चट्टे असण्याचा धोका कमी. २.६७ च्या वर आलं तर जास्त. माझं ०.७९ आलं. भाईजानचं जवळजवळ २, मधल्या पट्ट्यातलं. मग फायब्रोस्कॅन करावा लागला. यकृत थोडं ताठ झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "अजून परतीची वाट आहे. पण चार वर्षांपूर्वी ती जवळ होती." हे ऐकून भाईजान खाली बघत राहिला. या आजाराच्या रुग्णांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण यकृत नाही, हृदयविकार असतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

उर्दूच्या वर्गात मुलं 'जिगर'चा अर्थ विचारल्यावर छातीवर डाव्या बाजूला हात ठेवतात. मी तो हात धरून उजवीकडे, बरगड्यांखाली नेते. जिगर म्हणजे यकृत. मराठीतलं काळीजही मटणाच्या दुकानात गेलं की यकृतच असतं, आपण त्याला कलेजी म्हणतो. युनानी हकिमांनी हृदय आणि मेंदूच्या बरोबरीने यकृताला शरीराच्या सरदार अवयवांत बसवलं होतं. हिंमतवान माणसाला आपण जिगरबाज म्हणतो. अशा अवयवाचं दुखणं आपण लाजेने लपवावं?

आता दस्तरख्वानाकडे येऊ, कारण बोलणं कडू असलं तरी तिथेच यायचं आहे. रोजा शरीराला चांगली विश्रांती देऊ शकतो. पण आम्ही काय करतो? खजूर, मग भजी, समोसे, साखरेचं लाल सरबत दोन ग्लास, तासाभराने भात-सालन, तरावीहनंतर पुन्हा काहीतरी गोड. बारा-तेरा तास थांबलेल्या यकृतावर तासाभरात ट्रक रिकामा करतो. ईदनंतर वजन वाढलेलं असतं. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला ठेवावा, ही शिकवण आपल्यातल्या लहान मुलालाही तोंडपाठ आहे. वलीम्याच्या पंगतीत ती कुणाला आठवत नाही.

पण मला वाटतं, खरा गुन्हेगार सणाचं जेवण नाही, रोजचा चहा आहे. आमच्या टीचर्स रूममध्ये दिवसाला चार कप, घरी दोन. प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे बारा चमचे, पन्नास ग्रॅमच्या आसपास. पाहुण्याला थंड बाटली दिली नाही तर मेहमाननवाजी अपुरी. त्या ३०० मिलिलिटरमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर. साखरेतला फ्रुक्टोज नावाचा भाग तर मुख्यतः यकृतच पचवतं. मटणाला नावं ठेवणारे बरेच भेटतात, साखरेला कुणी बोलत नाही.

भाभीने मैद्याचे पाव आणि दोन्ही वेळचा भात कमी केला, ज्वारीची भाकरी परत आणली. सोलापुरात ज्वारीची काय वानवा! अम्मीच्या काळी कडक भाकरी, डाळ, पालेभाजी हे रोजचं होतं, बिर्याणी ईद-बकरीदला. आपण गरिबीचं म्हणून सोडलेलं जेवण आता डॉक्टर लिहून देतात. भाईजान टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, दिवसभर खुर्ची. तो आता फजरनंतर चालायला जातो. बायकांचं तेवढं सोपं नाही. एकट्या बाईने मोहल्ल्यात झपाझप चाललं तर दहा नजरा विचारतात, कुठे निघाली? आम्ही पाच-सहा जणींनी शाळेचं मैदान मागून घेतलं. सकाळी अर्धा तास, बुरखा घालून, पायात बूट. पहिल्या आठवड्यात हसू झालं. आता त्या हसणाऱ्यांपैकी दोघी आमच्यात आहेत.

हिशेब साधा आहे. वजनाच्या तीन ते पाच टक्के उतरलं तर यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सात ते दहा टक्क्यांनी सूज उतरते, दहाच्या पुढे चट्टेही सुधारू शकतात. भाईजान ७८ किलोचा होता. अकरा महिन्यांत सहा किलो उतरला. साखरेची गोळी चालू आहे. पाय बरा झाला. मधे एका नातेवाइकाने लिव्हरसाठी म्हणून काढ्याची बाटली आणली होती, ती डॉक्टरांनी बाजूला ठेवायला लावली. गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. झाडपाल्याचं म्हणून निरुपद्रवीच असेल असं नाही, आणि पचवायचं काम शेवटी यकृतालाच असतं.

भारत सरकारने २०२१ साली फॅटी लिव्हरला मधुमेह-हृदयरोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, तेव्हाच्या सरकारी कागदात देशातल्या ९ ते ३२ टक्के लोकांना हा आजार असल्याचा अंदाज दिला आहे. आशाताई फॉर्म घेऊन दारात येते, कंबर मोजते, तेव्हा तिला "बाद में आओ" म्हणून परत पाठवू नका, एवढंच मी सांगेन.

भाचीचं सांगायचं राहिलं. तिची पाळी आता बरीच नियमित आहे, मानेवरचा पट्टा फिका झालाय. हिवाळ्यात तिच्यासाठी एक रिश्ता आला. भाभीचं म्हणणं, "शादी के बाद सब ठीक होता है, अभी काय को बोलना?" भाईजान बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी चार वर्षं लपवलं. काय मिळालं?" भाचीने स्वतःच मुलाच्या बहिणीला सगळं सांगितलं. दोन आठवड्यांनी निरोप आला: नको. भाभी रडली. मला भाचीचा अभिमान वाटला, पण भाभीचं रडणंही खोटं नव्हतं. पीसीओएस म्हणजे मूल होणार नाही, असं लोकांनी धरून ठेवलंय. उपचाराने, वजन सांभाळून, अनेकींना मुलं होतात. हे मुलाकडच्यांना कुणी सांगितलेलं नसतं, कारण सगळ्यांचे रिपोर्ट साड्यांखाली असतात.

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एक ओळखीचा माणूस भाईजानला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, की सोनोग्राफीत लिव्हरचं काहीतरी आलंय, पण तुम्हाला माहीत आहे मी पीत नाही. तो हाच, त्या दिवशी पडद्यापलीकडे बाकावर बसलेला. भाईजान चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मलाही आहे. साखर तपासलीस का?"